कुंकू नसलेला डबा

मष्णू बायकोच्या हातचं विष पिऊन मेला.

हे वाक्य निपाणीच्या फौजदारांचं. त्यात दोन चुका आहेत. त्या खोडायला विद्युल्लताबाई हेरेकरांना एक दिवस लागला. आनंद मास्तरांना तेवढाही लागायला नको होता.

उंबऱ्याबाहेर

साल एकोणीसशे छत्तीस, दसऱ्याची सकाळ. बेळगावात अनगोळच्या रस्त्यावर आपट्याच्या पानांचे भारे येऊन पडले होते. विद्युल्लताबाईंच्या उंबऱ्याबाहेर एक म्हातारा पटका हातात घेऊन बसला होता. आत यायला तयार नव्हता.

"जावई गेलाय, आक्का. सणाच्या दिशी कुणाच्या घरात पाऊल टाकू?"

"मग मी बाहेर येते," म्हणत बाई त्याच्यासमोर पायरीवर बसल्या.

बाईंचे यजमान वकील होते. ते गेल्यावर त्यांच्या अर्धवट खटल्यांची गुंतवळ सोडवता सोडवता बाईंना तोच नाद लागला. आता गावातले वकील अडले, की 'हेरेकरबाईंना विचारा' म्हणत. बरोबर असायचा आनंद, शेजारच्या खोलीत एकटा राहणारा, शाळेत रसायन शिकवणारा. अक्षर सुरेख, स्वभाव मऊ. डोकं मात्र बाईंच्या दोन पावलं मागून चालायचं.

"कडोलीचा भावकू मी. पोरगी निपाणीत दिलीया, मालू. जावई मष्णू, मुलाम्याच्या कारखान्यात कामाला हुता. अष्टमीला दुपारी मेला. डाक्तर म्हंतो विष. फौजदार म्हंतो पोरीनं ताकातनं घातलं. उद्या चिकोडीला कोर्टात नेत्यात तिला."

"तिनं घातलं का?"

"आक्का, पोरगी भांडकुदळ हाय. माझ्याशी भांडती, कोंबड्यांशी भांडती. पर भांडणारी बाई विष घालत न्हाय. तिचं सगळं इख तोंडातनंच भाईर जातंय."

"कारखाना कुणाचा?"

"रघुवीर मालकांचा."

बाईंनी मान वळवली. "आनंदा, हे तुझे मेहुणे ना?"

"हो. पद्मजाचे यजमान."

"इतक्यात गेला होतास तिकडे?"

"गौरी-गणपतीनंतर नाही."

"आणि बाहीला हे कुंकू कसलं?"

आनंदने कोटाच्या बाहीकडे पाहिलं. मनगटापाशी बोटभर लाल डाग होता. त्याने तो चोळला. डाग पसरला, गेला नाही.

"शाळेत सरस्वतीपूजन होतं."

बाई चपला घालायला उठल्या.

*आनंद हे बोलला नाही:* 'मी येत नाही, आक्का.' एवढं म्हटलं असतं, तरी बरंच काही वाचलं असतं.

टाकी

निपाणीतला हा कारखाना म्हणजे रघुवीररावांच्या घरामागची लांबट खोली. पितळेची पानदानं, तंबाखूच्या डब्या, शर्यतींचे चषक इथे यायचे आणि चांदीचा मुलामा चढवून घेऊन जायचे. दार उघडलं ज्योतिबाने. तो मष्णूच्या जोडीचा कामगार.

"खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणून अष्टमीला सगळं धुवायला काढलंतं," तो सांगू लागला. "जे धुऊन हुईल त्याला वहिनीसाब लगेच कुंकू लावत्यात. कुंकू लागलं की पूजेपातूर त्याला हात लावायचा न्हाय. दरसाल असंच."

चिमटे, कानशी, तराजू, बॅटऱ्या, फळीवरच्या बरण्या, सगळ्यांवर लाल स्वस्तिक होतं. पूजा झालीच नव्हती, पण स्वस्तिकं ताजी दिसत होती. फळीच्या टोकाचा पत्र्याचा डबा तेवढा कोरा, नुसता चमकत होता.

खोलीच्या मधोमध कमरेइतकी खोल लोखंडी टाकी होती. आतून पांढरी, चिनीमातीच्या बशीसारखी. पण अर्धीच पांढरी. उरलेल्या अर्ध्या भागावर काळपट-हिरवी खरपुडी होती. तळाशी चिंचेचा चोथा वाळून चिकटला होता आणि त्याच्याशेजारी एक पाल उताणी मरून पडली होती.

"टाकी चिंचेनं घासता?"

"न्हाय ओ. टाकी मालक सवता धुत्यात, नुसत्या पाण्यानं. औंदा ते झेंडू आणायला बाजारात गेलते. वहिनीसाबनी घरची तांब्याची भांडी घासायला गरम पाण्यात चिंच भिजवल्याली. म्हणल्या, टाकीच तेवढी काळी कशाला ठेवता? मष्णू घासायला बसला. मी भाईर बॅटऱ्या पुसत हुतो."

"खिडक्या?"

"बंद. उंबऱ्यात रांगोळी काढल्याली, वारं लई हुतं."

"तो सापडला कसा?"

"टाकीत अर्धा वाकल्याला. मीच वडून काढला. तोंड लालबुंद, नुसता झोपल्यागत." ज्योतिबाने डोळे पुसले. "माझं बी डोकं गरगरलं, बाई. भाईर जाऊन वकलो."

"त्याच्या शिदोरीतलं काही खाल्लं होतंस?"

"माझी शिदोरी येगळी. त्यानं भाकरीचं फडकं सोडलंच नव्हतं. ताक तेवढं अर्धं प्याला. उरल्यालं मोत्यानं चाटलं."

दारात एक ठिपक्यांचा कुत्रा शेपूट हलवत उभा होता. आपलं नाव ऐकून त्याने जास्तच जोरात हलवली.

बाई फळीपाशी गेल्या. "या डब्यात काय आहे?"

"विलायती तुरटी." रघुवीरराव दारात येऊन उभे होते. चेहरा न झोपलेल्या माणसाचा. "मुलाम्याला लागते."

बाईंनी झाकण काढलं, एक खडा उचलला आणि आनंदकडे बघत बघत जिभेपर्यंत नेला. आनंद भिंतीला टेकून उभा होता. तसाच उभा राहिला. बाईंनी खडा परत टाकला.

"आनंदा, मुलाम्याच्या टाकीत चिंच पडली तर काही होतं का रे?"

"चिंचेनं भांडं लखलखतं, आक्का."

"हं. आणि भिंतीवर हा चौकोन?" चुन्याच्या कळकट भिंतीवर एक तुकडा तेवढा स्वच्छ होता. चारी कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं.

"कॅलेंडर होतं," रघुवीरराव म्हणाले.

*आनंद हे बोलला नाही:* तिथे पाटी होती. पाटीवरचं सुरेख अक्षर त्याचं होतं.

तेलातलं कुंकू

पद्मजाने दोघांना स्वयंपाकघरातच पाट मांडून चहा दिला. तिचे डोळे सुजले होते.

"चांगला होता हो मष्णू. मालूनं असं करायला नको होतं. नवराबायकोत होतात भांडणं. माझी काय होत नाहीत?"

कोनाड्यात कुंकवाची वाटी होती. बाईंनी बोट लावून पाहिलं. "ओलं कसं?"

"तेलात कालवते. कोरडं उडून जातं. हे धुतलं तरी निघत नाही, म्हणून हे रागावतात."

"फळीवरच्या सगळ्या वस्तूंना तुम्हीच लावलंत?"

"एकेका डब्याला. एकही सोडला नाही." ते सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान आला. "पुजेच्या बाबतीत माझं काही राहत नाही."

"आणि भिंतीवरचं कॅलेंडर?"

"कॅलेंडर? तिथं कुठलं…"

"पद्मजा," रघुवीरराव बाहेरून म्हणाले, "पाणी आण."

ती पाणी घेऊन गेली. बाई उठल्या. "मी जरा पाय मोकळे करून येते. तू बस, आनंदा. बहिणीशी बोल."

बाई गेल्यावर पद्मजाने आनंदच्या पुढ्यात कडबोळ्यांची ताटली सरकवली. "खा रे. परवासुद्धा न जेवता गेलास. किती वाळलायस."

आनंदने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्याने कडबोळं मोडलं आणि हातातच धरून ठेवलं.

भूत

मालूला चावडीच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. भावकू दाराबाहेर बसून होता. बाई आत शिरल्या तशी ती उसळली.

"व्हय, म्हणले मी, मरशील एक दिस! विहिरीवर, समद्यांदेखत म्हणले. लावा फाशी!"

"का म्हणालीस तसं?"

बहुधा हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ती खाली बसली.

"तिथं एका डब्यावर भूत हुतं. नुसतं मुंडकं, दात इचकल्यालं, खाली दोन हाडं. शिदोरी द्यायला गेलते तवा बघितलं. घरी आल्यावर म्हणलं, हे काम सोड. तर म्हणायचा, भुताच्या डब्याला मी कुटं शिवतोय? मालक शिवत्यात. आपलं भूत आपल्या जागी. रोज त्यावरनंच भांडण."

"आणि अष्टमीला?"

"दुपारी शिदोरी घिऊन गेले तर हसत हुता. म्हणला, बघ, भूत गेलं. वहिनीसाबनी खरवडलं आन् तिथं देव काढला. आता तर गप बसशील?"

"मग?"

मालूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आवाज एकदम खाली आला.

"बसले गप."

मग बाईंनी विचारलं, "आनंदा, ते भूत तू कधी पाहिलं होतंस का?"

"नीट आठवत नाही, आक्का."

मालू त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. शिकलेला माणूस आलाय, काहीतरी करील, अशा नजरेने. ती नजर त्याला सोसवली नाही.

*आनंद हे बोलला नाही:*

(इथली ओळ मुद्दाम कोरी आहे. ती त्याने संध्याकाळी स्वतः भरली.)

इथे वाचकाने थोडं थांबावं

अर्धी घासलेली टाकी. ताक चाटूनही शेपूट हलवणारा कुत्रा. ताक न पिता गरगरलेला ज्योतिबा. खरवडलेलं भूत. कुंकू नसलेला डबा. तेलकट डाग. पाय मोकळे करायला गेलेल्या बाई सरकारी डॉक्टरांना भेटून आल्या होत्या, पण चालतानाच त्यांना बरंच उमगलं होतं. डॉक्टरांनी फक्त त्या वस्तूचं नाव सांगितलं.

खोडलेले शब्द

ऊन उतरताना सगळे कारखान्यात जमले. फौजदार मारुतीराव खुर्चीवर. मालू शिपायाशेजारी, भावकू तिच्या मागे. रघुवीरराव, पद्मजा, ज्योतिबा. आनंद दाराजवळ.

"बोला बाई," फौजदार म्हणाले. "सणाचा दिवस आहे. घरी सोनं वाटायचं राहिलंय."

"आधी 'पिऊन' हा शब्द खोडा. ताकात विष असतं, तर मोत्या मेला असता. तो तुमच्या पायाशी बसलाय. उलट ज्योतिबानं ताकाला तोंडही लावलं नाही, आणि गरगरला तोच. कधी? टाकीत वाकला तेव्हा. पाल कुठे मेली? टाकीत. मेलेल्याचं तोंड लालबुंद. डॉक्टरांना विषाचा वास आला तो पोटातून नाही, छातीतून. तुम्ही 'विष' एवढाच शब्द ऐकून उठलात."

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"चांदीचा मुलामा नुसत्या चांदीनं चढत नाही. पाण्यात एक पांढरं मीठ लागतं. पोटॅशियम सायनाइड. ते टाकीत सुकून खरपुडी धरतं. पाण्यानं धुतलं तर वाहून जातं, म्हणून मालक पाण्यानंच धुतात. पण त्याला आंबट लागलं, की त्यातून वायू सुटतो. गरम चिंचेचं पाणी, बंद खिडक्या, आणि खोल टाकीत डोकं घालून घासणारा माणूस. त्यानं अर्धीच टाकी घासली. तेवढाच वेळ तो जगला."

पद्मजाचा हात तोंडाकडे गेला.

"असलं विष इथे नाही," रघुवीरराव म्हणाले. "फळीवर तुरटी आहे. बघितलीत तुम्ही."

"बघितली. रोज पाण्याच्या हंड्यात फिरवते, दुरूनही ओळखते. पद्मजाबाई, फळीवरच्या एकेका डब्याला कुंकू लावलंत ना? मग तुरटीच्या डब्याला का नाही?"

पद्मजाने फळीकडे पाहिलं. "हा डबा… हा नव्हताच. इथं तो दुसरा होता. त्याच्यावर…" ती थांबली.

"सांगा."

"कवटी होती. तो कागद मी विळीनं खरवडला." तिचा आवाज आता मोठ्याने विचार करणाऱ्या माणसाचा होता. "खंडेनवमीला देवीसमोर कवटी कशी ठेवायची? भिंतीवर 'विष' लिहिलेली पाटी होती, तीही काढली. अशुभ दिसतं म्हणून. स्वस्तिक काढलं. चिंच मीच दिली. 'टाकी काळी कशाला ठेवता' असं मीच…"

तिने यजमानांकडे पाहिलं. रघुवीरराव जमिनीकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बाजारातून आलो, चिंच बघितली, कळलं," ते म्हणाले. "तुला कळू नये एवढंच मनात होतं."

"म्हणून मालूला अडकू दिलंत?"

"मष्णूला वाचता येत नव्हतं," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "या खोलीतलं एकच अक्षर त्याला वाचता यायचं. ती कवटी. तीच पुसली गेली, आणि जागी देव आला. त्याला वाटलं, भीती संपली. फौजदारसाहेब, 'बायकोच्या हातचं' हेही खोडा."

"पण तो खरा डबा कुठाय?" फौजदार उभे राहिले. "विहिरीत टाकला असला तर गाव मरेल!"

सगळे रघुवीररावांकडे बघू लागले. बाईंनी त्यांना विचारलंच नाही. त्या दाराकडे वळल्या.

"आनंदा, मी तुला आज तीनदा विचारलं. इकडे आला होतास का, चिंचेनं काय होतं, भूत पाहिलंस का. तीनदा तू मला बगल दिलीस. मी तुरटीचा खडा जिभेपाशी नेला, विषानं माणूस मेलेल्या खोलीत. रसायनाचा मास्तर ओरडून हात धरेल. तू हललासही नाहीस, कारण त्या डब्यात साधी तुरटीच आहे, हे तुला माहीत होतं. शाळेतलं कुंकू कोरडं असतं, झटकलं की जातं. तुझ्या बाहीवरचं तेलातलं आहे. ओल्या स्वस्तिकाचा डबा तू कोटाखाली धरून नेलास."

बाहेर मुलं सोनं लुटून परतत होती. त्यांचा गलका आत आला आणि पुढे गेला.

"अष्टमीच्या संध्याकाळी नेला," आनंद म्हणाला. "भाऊजींचा निरोप आला होता. डब्यावरचं कुंकू बघितलं आणि कुणाच्या हातचं ते कळलं. एकुलती बहीण आहे. वाटलं, दोन दिवस जाऊ देत, मालूविरुद्ध काही सिद्ध होणार नाही, आपोआप सुटेल."

"आपोआप," मालू म्हणाली. शब्द नवा असल्यासारखा.

"डबा कुठे आहे?"

"शाळेच्या प्रयोगशाळेत. खालच्या कपाटात."

"त्याच्या शेजारी काय आहे?"

आनंदने तोंड उघडलं आणि त्याला स्वतःलाच ते कपाट दिसलं. घाईत, अंधुक उजेडात सरकवलेला डबा. शेजारच्या बाटल्या.

"तेजाब. ॲसिडच्या बाटल्या," तो म्हणाला.

दर वर्षी मुलांना तो फळ्यावर लिहून द्यायचा: ही दोन एका कपाटात कधीही ठेवू नयेत. त्याखाली दोन रेघा मारायचा.

फौजदारांनी शिपायाला बेळगावची मोटार थांबवायला पिटाळलं. कागद गुडघ्यावर घेऊन त्यांनी आपलं वाक्य पुढे ओढलं, दोन ठिकाणी रेघा मारल्या. उरलं ते असं: *मष्णू विष मेला.*

"मधे काय घालू?"

"हुंगून," आनंद म्हणाला.

"आणि कुणाच्या हातचं?"

पद्मजाची मान खाली गेली. रघुवीररावांची आधीच खाली होती. आनंदची गेली. ज्योतिबाचा काही दोष नव्हता, तरी त्यानेही नजर पायाकडे वळवली.

पद्मजा पुढे झाली आणि मालूच्या पायाशी वाकली. मालू पाय मागे घेऊन भिंतीला टेकली, तिथेच, त्या स्वच्छ चौकोनाखाली.

"वहिनीसाब, नका. तुमास्नी तरी कुठं ठावं हुतं?" मग तिने वर बोट केलं. "मास्तर, हितल्या पाटीवर काय लिवलं हुतं?"

आनंदला ते पाठ होतं. "'सावधान. या डब्यात विष आहे. आंबट वस्तू जवळ आणू नये. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.'"

"आंबट आणू नगं असं लिवलं हुतं?"

"हो."

"मग ते एकदा तोंडानं सांगाया काय झालंतं? तुम्ही येत हुता की. चा पीत हुता हितंच. तो तुमास्नी पाट मांडायचा."

तो आठवू लागला. मष्णूने पाट मांडल्याचं त्याला आठवलं. मष्णूशी आपण काही बोलल्याचं आठवेना.

मोटारीचा भोंगा वाजला. फौजदार म्हणाले, "चला मास्तर. कपाट आधी. बाकीचं बेळगावात लिहून घेतो."

"थांबा," मालू म्हणाली. ती कोपऱ्यातल्या चहाच्या चुलीपाशी गेली, कोळसा उचलला आणि आनंदच्या हातात दिला. "जायच्या आदी ते भूत काढा हितं. उद्या ज्योतिबा हाय, परवा आनी कोन यील."

आनंदने चौकोनात कोळसा टेकला. वाटोळं डोकं, दोन भोकं, दात, खाली हाडांची फुली. दात वर वळले.

मालू मागे सरून बघू लागली.

"हे हसतंय," ती म्हणाली. "ह्याला कोन भ्यायचं? पुसा. नीट काढा."

त्याने कोटाच्या त्याच बाहीने पुसलं, आणि पुन्हा काढायला लागला.